डॉक्टर वसंत रामजी खानोलकर : ज्यांनी देशोदेशीचा कर्करोग ताडून पाहिला

गेल्या महिन्यात पनवेल तालुक्यातील उलवे येथे आमचे जाणे झाले. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी हे गाव पाहिले असेल त्यांस ते आज ओळखता येणार नाही. पुढे भाताची खाचरे, खाडीकाठी तिवरांची दाट रांग आणि मागे उलव्याची टेकडी, असे त्याचे रूप होते. आता टेकडी फोडून तेथे विमानतळ झाला आहे, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आहे आणि जुन्या गावातील पुष्कळ कुटुंबे वहाळ, वडघर या बाजूंस नव्या वसाहतींत जाऊन राहिली आहेत. जेथे पूर्वी आवण्या होत तेथे उंच इमारती उभ्या असून त्यांत देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली तरुण बिऱ्हाडे नांदत आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी एका घरी दहाबारा माणसे जमली होती. त्यांत जुन्या गावातील एक आजी कोपऱ्यात पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. त्यांच्या गालाच्या आतील बाजूस बरेच दिवसांपासून एक पांढरा चट्टा असून त्यात आता व्रण पडला आहे, तिखट व ऊन पदार्थ तोंडात घालवत नाहीत, असे त्यांच्या सुनेने आम्हांस हळूच सांगितले. आजी चाळीस वर्षे मशेरी लावतात. लेकुरवाळ्या असता दाढ दुखू लागली तेव्हा शेजारणीने ही सवय लावली, ती सुटली नाही. आम्ही त्यांस दवाखान्यात जाण्याविषयी विनवू लागलो, तोच एक शिकलेला तरुण मध्ये बोलला. त्याचे म्हणणे असे की, कर्करोग अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात आपल्याहून चौपट-पाचपट आढळतो, आणि तेथे तर कोणी मशेरी लावीत नाही; तेव्हा मशेरीस दोष देण्यात काय अर्थ? आजींस हे बोलणे फार गोड वाटले. त्या हसल्या आणि दवाखान्याची गोष्ट तेथेच राहिली.

आमच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते, हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाही. त्या तरुणाने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र अगदी चुकीचा होता. खरा आकडा माणसास खोट्या निष्कर्षाकडे कसा नेतो, आणि एका देशाचा रोग दुसऱ्या देशाच्या रोगाशी ताडून पाहावयाचा तर कोणत्या रीतीने, हे शोधण्यात एका महाराष्ट्रीय डॉक्टराने आपले उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. घरी परतल्यावर आम्ही त्यांच्याविषयी जे पुन्हा वाचून काढले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी झाला. आडनावावरून पाहता त्यांच्या घराण्याचे मूळ वेंगुर्ल्याजवळील खानोली गावाकडे जाते. ते गोमंतक मराठा समाजातील होते. त्या काळी या समाजास प्रतिष्ठितांच्या पंक्तीत सहजासहजी स्थान मिळत नसे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस निराळी समजावून सांगावयास नको. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. रोग्याच्या उशाशी बसून नाडी पाहणारा व औषध देणारा डॉक्टर आपण सर्वांनी पाहिला आहे. विकृतिशास्त्रज्ञ बहुधा रोग्याच्या दृष्टीस पडत नाही. शस्त्रवैद्याने काढलेला गाठीचा वा व्रणाचा लहानसा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा मेणात बसवून त्याचे कागदाहूनही पातळ काप काढावयाचे, त्यांस रंग द्यावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहावयाचे. आपले शरीर ज्या अतिसूक्ष्म पेशींचे बनले आहे त्या निरोगी स्थितीत आपापल्या मर्यादेत वाढतात. कर्करोगात त्या मर्यादा सोडून वाढतात, शेजारच्या भागात घुसतात आणि रक्तातून व रसवाहिन्यांतून दूर जाऊन तेथेही ठाणे देतात. हा भेद नुसत्या डोळ्यांस नेहमी कळत नाही, सूक्ष्मदर्शकास कळतो. म्हणून रोग कोणता, हा शेवटचा निवाडा या न दिसणाऱ्या डॉक्टराचा असतो.

मायदेशी आल्यावर खानोलकर मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. यांपैकी दुसरे महाविद्यालय 1926 साली परळ येथे निघाले, आणि तेथे शिकविणारे सर्व हिंदी असावेत अशी ते काढणाऱ्यांची अट होती. हिंदी माणूस विज्ञानाचे मूळ संशोधन करू शकेल की नाही याविषयी सरकारी वर्तुळात शंका घेतली जाण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अटीचे मोल कळते.

इतक्यात परळच्याच त्या परिसरात दुसरी एक गोष्ट घडून आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत वारल्या, आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. मेहेरबाईंस जे उपचार परदेशी मिळाले तसे या देशातील लोकांस येथेच मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या विश्वस्त निधीतून टाटा स्मारक रुग्णालय उभे राहून 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते उघडले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे प्रमुखपद खानोलकरांकडे आले, आणि त्यांच्या आयुष्यातील खरे कार्य येथून पुढचे होय.

त्या वेळी विद्वानांत एक समज फार पसरला होता. कर्करोग हा सुधारलेल्या, सुखवस्तू, गोऱ्या राष्ट्रांचा रोग आहे. हिंदुस्थानासारख्या देशात साधे अन्न खाणाऱ्या लोकांत तो क्वचितच होतो, असे पुस्तकांतून लिहिले जाई. वर पाहता त्यास आधारही होता. सरकारी मृत्यूनोंदीत कर्करोगाचे नाव फारसे सापडत नसे. परंतु खेड्यात माणूस मेला म्हणजे त्याची नोंद कोण करी? पाटील किंवा कोतवाल. तो बिचारा ताप, पटकी, देवी एवढी चारदोन नावे जाणे. बाकी सर्व रोग एकाच रकान्यात जात. ज्या रोगाचे निदान करणाराच गावात नाही तो रोग गावच्या वहीत कसा सापडावा?

दुसरे कारण याहून खोल आहे. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा रोग आहे. 1931 च्या सुमारास आपल्या देशात जन्मास येणाऱ्याचे सरासरी आयुष्य तीस वर्षांहूनही कमी होते. जे लोक हिवताप, क्षय, प्लेग यांनी तरुणपणीच जात, ते कर्करोग होण्याच्या वयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणजे आपल्या लोकांस काही विशेष संरक्षण होते असे नसून, आधीच्या दारातच दुसऱ्या रोगांनी त्यांस गाठलेले असे. विश्वनाथ व ग्रेवाल या दोघा संशोधकांनी 1930 नंतरच्या दशकात देशातील रुग्णालयांचे कागद तपासून हेच दाखविले होते की, वयाचा हिशेब धरला तर हिंदुस्थानात कर्करोग दुर्मिळ नाही.

हा वयाचा हिशेब कसा असतो, हे उलव्याचेच उदाहरण घेऊन सांगतो. नव्या इमारतींतील दहा हजार माणसे मोजली तर त्यांत बहुतेक विशी-तिशीतील नवराबायको व त्यांची लहान मुले; म्हातारी माणसे थोडी, कारण ती मूळ गावी राहिली आहेत. जुन्या गावच्या वसाहतीत पाहावे तर म्हाताऱ्यांचा भरणा अधिक. आता समजा, जुन्या वसाहतीत कर्करोगाचे रोगी नव्या इमारतींहून दुप्पट निघाले. तेवढ्यावरून जुन्या वसाहतीचे पाणी वाईट किंवा तेथील लोकांचे रक्त वाईट असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. प्रथम साठीची माणसे साठीच्या माणसांशी आणि तिशीची तिशीच्या माणसांशी ताडून पाहिली पाहिजेत. शिवाय रोगी किती एवढेच सांगून भागत नाही. ते किती माणसांमागे, हेही सांगितले पाहिजे. आणि ज्या गावची माणसे दर वर्षी बदलतात त्या गावी हा खालचा आकडा मिळविणे वरच्या आकड्याहून कठीण असते. हिंदुस्थान व इंग्लंड यांची तुलना करतानाही हाच न्याय लावावा लागतो, आणि शास्त्रज्ञ हल्ली तो लावतात.

तथापि खानोलकरांचे मुख्य लक्ष कर्करोग एकंदर किती, या प्रश्नावर नव्हते. कोणत्या लोकांस तो शरीराच्या कोणत्या जागी होतो, इकडे त्यांनी आपली दृष्टी वळविली. टाटा रुग्णालयात देशाच्या सर्व प्रांतांतून रोगी येत. त्यांच्या व्रणांचे तुकडे पाहता पाहता त्यांस असे आढळले की, युरोपात जो कर्करोग जठरात, आतड्यात किंवा स्तनात अधिक आढळतो, तो येथे तोंडात, जिभेच्या मुळाशी, घशात व स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशी अधिक आढळतो. रोग तोच, पण त्याने धरलेली जागा निराळी. मग जागा का बदलावी?

या प्रश्नाचा माग काढीत ते रोग्यांच्या सवयींकडे आले. 1945 साली त्यांनी एका सहकारी डॉक्टराबरोबर एक लेख अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या मासिकात प्रसिद्ध केला. त्यात रूढींपासून होणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आहे. पहिला बिहारकडील लोकांचा. ते तंबाखू व चुना तळहातावर मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आतील खोबणीत धरून ठेवतात. रोग नेमका तेथेच होतो. दुसरा आंध्राच्या किनाऱ्याकडील. तेथे चुट्टा म्हणून जाड विडी असते, आणि कित्येक लोक, विशेषतः बायका, तिचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांस टाळूचा कर्करोग होतो, जो जगात इतरत्र फारच विरळा. तिसरा प्रकार ऐकून वाचकांस नवल वाटेल. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कंबरेच्या एकाच जागी घट्ट बांधल्याने कातडी घासून काळी पडते, तेथे व्रण होतो, आणि क्वचित प्रसंगी त्या व्रणाचा कर्करोग बनतो. लुगड्याच्या गाठीनेही असे झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी अलीकडे नोंदविली आहेत.

ही विचारसरणी जगात अगदीच नवी होती असे मात्र नाही. लंडन येथील पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने 1775 सालीच दाखविले होते की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांस पुढे काजळीमुळे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो. आमच्या वाचकांस समाधान वाटेल अशी गोष्ट ही की, आपल्या देशात या मार्गाने प्रथम पाहणाऱ्यांत मिशनचे डॉक्टर होते. काश्मिरात चर्च मिशनरी सोसायटीचे डॉक्टर एल्म्स्ली यांनी 1866 साली लिहून ठेवले आहे की, तेथील लोक थंडीसाठी निखाऱ्यांची कांगडी अंगरख्याच्या आत पोटाशी धरतात आणि त्याच भाजलेल्या कातडीवर त्यांस कर्करोग होतो. त्रावणकोरात नेय्यूर येथील लंडन मिशनच्या रुग्णालयातून डॉक्टर ऑर यांनी 1933 साली तंबाखूच्या विड्याचा व तोंडाच्या कर्करोगाचा संबंध लिहून प्रसिद्ध केला. ही माणसे आडरानात बसून दिवसभर शस्त्रक्रिया करीत आणि रात्री दिव्याच्या उजेडात टिपणे ठेवीत. मोठ्या शहरांतील पुष्कळ विद्वानांस जे दिसले नाही ते त्यांस दिसले. कारण एकाच मुलखातील माणसे ती रोज पाहत होती आणि त्यांच्या घरांत जाऊन बसत होती.

खानोलकरांनी या विखुरलेल्या निरीक्षणांस शास्त्राची बैठक दिली. त्यांचे एक युक्तिपूर्ण काम असे की, परदेशाशी तुलना करण्यापूर्वी त्यांनी मुंबईतल्या मुंबईतच तुलना केली. या शहरात दक्षिणी, गुजराती, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती हे सर्व एकाच हवेत राहतात व एकाच नळाचे पाणी पितात. त्यांच्या चालीरीती मात्र भिन्न. पारशी लोक अग्नीस पवित्र मानीत असल्यामुळे धूम्रपान त्यांस वर्ज्य. त्यांच्यात तोंडाचा व घशाचा कर्करोग कमी आढळला. पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी, पण स्तनाचा अधिक, जवळजवळ युरोपातील स्त्रियांच्या वळणाचा. त्या उशिरा लग्न करतात व त्यांस मुले थोडी होतात, ही दोन कारणे पुढे त्याच्याशी जोडली गेली. म्हणजे देशोदेशीचे जे अंतर पुस्तकांत हजारो मैलांचे दिसते, ते मुंबईत एका रस्त्याच्या दोन बाजूंस दिसू लागले. देशाचे हवापाणी किंवा माणसाचा वर्ण एवढ्याने त्याचा उलगडा होत नव्हता.

1955 साली डॉक्टर सांघवी, राव व खानोलकर या तिघांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकात आला. त्याच साप्ताहिकात पाच वर्षांपूर्वी डॉल व हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. मुंबईच्या या तिघांची रीतही तशीच होती. कर्करोग झालेले व न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या लोकांस त्यांच्या सवयी विचारावयाच्या आणि दोन्ही गट समोरासमोर ठेवावयाचे. तंबाखू चघळणाऱ्यांस गाल, हिरड्या अशा तोंडाच्या पुढील भागाचा रोग अधिक होतो, आणि विडी ओढणाऱ्यांस जिभेचे मूळ व घसा यांचा अधिक होतो, असे त्यातून दिसून आले. जेथे तंबाखू बसते तेथे एक, जेथे धूर लागतो तेथे दुसरा. आता उलव्याच्या आजींचा व्रण गालाच्या आत, मशेरी फिरविण्याच्या जागी का, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

दरम्यान 1952 साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. हाताखालच्या माणसांची निवड त्यांनी चांगली केली. पुण्यात जन्मलेल्या डॉक्टर कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली पदवीचे संशोधन केले, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याची विद्या आत्मसात केली आणि परत येऊन या केंद्रात तिची प्रयोगशाळा उभारली. ज्या काळी आपल्याकडे मुलीस विज्ञान शिकविणे म्हणजे पैसा वाया घालविणे समजत, त्या काळची ही गोष्ट आहे.

कुष्ठरोगावरील त्यांच्या कामाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आमच्याने होत नाही. ज्या मंडळ्यांच्या शेजारी कुष्ठधाम आहे त्यांस त्याचे महत्त्व चटकन कळेल. या रोगाची अगदी आरंभीची लक्षणे दाखविणाऱ्या कातडीचे व मज्जातंतूंचे काप त्यांनी बारकाईने पाहिले, आणि कुष्ठाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात व त्यांच्या वाटेने कसे जातात याविषयीचा त्यांचा ग्रंथ 1951 साली निघाला. आधी बधिरपणा व नंतर व्यंग हा क्रम का, याचा उलगडा यात आहे.

मानमरातब त्यांस पुष्कळ मिळाले. त्यांची यादी देत बसण्यात आम्हांस गोडी वाटत नाही. देशातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघाचे ते संस्थापक व अध्यक्ष होते, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, सरकारने त्यांस पद्मभूषण दिले आणि जगातील कर्करोग संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय आयोगावर त्यांस अध्यक्षस्थान मिळाले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी, ते वारले.

परंतु त्यांच्या कामात एक उणीव राहिली होती. रुग्णालयात येतात ते रोगी सर्व रोग्यांचे खरे प्रतिनिधी नव्हेत. ज्यास गाडीभाडे परवडते, ज्याच्या घरी सोबतीस माणूस आहे, तो येतो. बाकीचे घरीच मरतात. म्हणून एखाद्या ठरावीक मुलखातील प्रत्येक रोग्याची नोंद, मग तो कोणत्याही दवाखान्यात जावो, एका ठिकाणी झाली पाहिजे. डेन्मार्कने हे 1942 च्या सुमारास सुरू केले. आपल्या देशात डॉक्टर दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई शहरासाठी असे नोंदणी कार्यालय 1963 साली निघाले. देशातील ते पहिले. खेड्यांचे काय, हा प्रश्न तरीही उरला होता. तो सोडविण्याचा मान सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस मिळाला. 1987 साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांसाठी तेथे नोंदणी सुरू झाली. येथे कार्यकर्ते कचेरीत बसून राहत नाहीत. ते गावोगाव जातात, कर्करोगाची लक्षणे लोकांस समजावून सांगतात, संशय येईल त्यास तपासणीस आणतात आणि मग वहीत लिहितात. या गावांतील प्रमाण मुंबईच्या मानाने निम्म्याच्या आसपास निघाले. पण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र तेथे फार मोठा दिसला.

आता त्या तरुणाच्या आकड्याकडे वळू. फ्रान्सात ल्यों येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिने काढलेल्या 2022 सालच्या अंदाजाप्रमाणे, वयाचा फरक काढून टाकल्यावर, दर वर्षी दर लाख माणसांत नवे रोगी ऑस्ट्रेलियात सुमारे 460, अमेरिकेत सुमारे 365 आणि भारतात सुमारे 100 होतात. एवढे ऐकून कोणासही वाटेल की आपण भाग्यवान. पण हा आकडा सोलून पाहावा. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीचे लोक कडक उन्हात राहतात. त्यांच्या आकड्यात कातडीच्या कर्करोगाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांपैकी बहुतेक वेळीच काढून टाकता येतात. अमेरिकेत स्तन, आतडे, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी यांची तपासणी रोग नसतानाही करतात, त्यामुळे बारीकसारीक रोगही वहीत चढतो. आपल्याकडे कित्येकांचा मोठा रोगही चढत नाही. तरीसुद्धा काही फरक खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. स्तन, आतडे, फुप्फुस यांचा कर्करोग आपल्याकडे अजून त्यांच्याहून कमी आहे.

आता तोंडाचा कर्करोग तेवढा वेगळा काढा. त्याच 2022 साली सर्व जगात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे नवे रोगी सुमारे 3 लाख 90 हजार होते. त्यांपैकी सुमारे 1 लाख 44 हजार एकट्या भारतातील! जगातील लोकसंख्येचा जवळजवळ सहावा हिस्सा आपला, आणि या रोगातील वाटा एक तृतीयांशाहून अधिक. एकंदर आकड्यात जो देश खाली बसतो तोच या एका रकान्यात वर जाऊन बसतो. त्या तरुणाने सर्व रोगांची बेरीज घेतली, आणि आजींचा रोग त्या बेरजेत बुडून गेला.

दुसराही एक आकडा त्याने घेतला नाही. अमेरिकेत त्या वर्षी चार नव्या रोग्यांमागे सुमारे एक मृत्यू झाला. भारतात नवे रोगी सुमारे 14 लाख आणि मृत्यू 9 लाखांहून थोडे अधिक, म्हणजे तिघांमागे जवळजवळ दोन. याचे मोठे कारण हे की, आपल्याकडे लोक उशिरा येतात. तोंड ही तर अशी जागा आहे की तेथे पाहावयास यंत्रही लागत नाही. उजेड व बोट पुरते. दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडण्यास होणारा अडथळा, यांपैकी काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते. ल्योंच्या त्याच संस्थेने 2003 साली तंबाखूवाचूनचा सुपारीचा विडादेखील कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. ती कितपत पाळली जाते हे नाक्यावरच्या टपरीवर कोणीही पाहून घ्यावे.

देश बदलला की रोग बदलतो, याचा आणखी एक पुरावा जपानी लोकांचा आहे. जपानात जठराचा कर्करोग फार. तेथून जी कुटुंबे अमेरिकेत जाऊन राहिली त्यांच्या मुलाबाळांत तो बराच घटला, आणि आतड्याचा मात्र वाढला. रक्त तेच, पंगत निराळी. हे 1968 साली प्रसिद्ध झाले. खानोलकर तेव्हा हयात होते, आणि मुंबईच्या जातीजातींच्या तुलनेतून ते ज्या मताकडे आले होते तेच समुद्रापलीकडून येत होते.

परळचे संशोधन केंद्र पुढे टाटा रुग्णालयाशी एक झाले, आणि 2002 साली त्याचा संशोधनाचा पसारा पनवेल तालुक्यातच खारघर येथे हलविण्यात आला. तेथील प्रयोगशाळांच्या एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव दिलेले आहे. उलव्याहून ती खाडीपलीकडे आहे.

हे सर्व लिहून आम्ही त्या तरुणास दाखविले. त्याने दोन वेळा वाचले, काही आकडे पुन्हा आपल्या हाताने मांडून पाहिले आणि काही न बोलता कागद परत दिला. पुढच्या मंगळवारी तो स्वतः आजींस व त्यांच्या सुनेस घेऊन बामणडोंगरीस गाडीत बसला, बेलापूरला उतरला आणि तेथून खारघरला गेला. आजींनी मशेरीची डबी कनवटीस घेतली होती. ती त्याने मागितली नाही, असे सुनेने सांगितले. डॉक्टरांनी गालाच्या आतून लहानसा तुकडा काढून घेतला आहे. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत त्याचा निकाल आलेला नाही.